आवाहन : डॉकच्या गावातली आपली मुलं काठावर राहू नयेत

सभासद बंधू-भगिनींनो, सस्नेह नमस्कार.

तीन वर्षांपूर्वीची मनरो तळ्यावरची सहल आठवते ना? मोठी माणसं सतरंजीवर, आणि पोहता येत नाही म्हणून मुलं गुडघाभर पाण्यात. पोहण्याचे थोर प्रशिक्षक डॉक काउन्सिलमन यांच्या ब्लूमिंग्टनमध्ये आपण राहतो, म्हणून ते फारच लागलं. पोहण्याचा वर्ग त्यातून सुरू झाला.

डॉकना पाहिलेले आपल्यात मोजकेच. १९५७ ते १९९० ते इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक होते. १९६८ ते १९७३ सलग सहा वर्षं राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्या संघाकडे. १९७२ला म्युनिक ऑलिम्पिकमध्ये सात सुवर्णं जिंकणारा मार्क स्पिट्झ त्यांचाच विद्यार्थी. १९७६ला माँट्रियलमध्ये त्यांच्या अमेरिकन पुरुष संघाने १३ पैकी १२ सुवर्णं आणली. पण मला विचाराल तर त्यांचं खरं मोठेपण पाण्याखालचं. हात सरळ मागे ओढायचा, असंच तेव्हा सांगत. डॉकनी पाण्याखाली कॅमेरा नेला आणि उत्तम पोहणाऱ्याचा हात वळणं घेत जातो, हे दाखवून दिलं. आज मुलाचा व्हिडिओ काढून त्याला चूक दाखवतात, ती वाट त्यांनी रुळवली. रिओ ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकलेली लिली किंगही त्यांचं नाव दिलेल्या विद्यापीठाच्या तलावातच सराव करत होती.

आणि १९७९ला, ५८व्या वर्षी, ते इंग्लिश खाडी पोहून गेले. त्या वयात तोवर कुणीच गेलं नव्हतं. 'आता या वयात कुठे' म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते. गेल्या वर्षी मुलाकडे आलेल्या दोन आज्या महिन्याभरात तरंगायला लागल्या!

हे उभं राहिलं मोजक्यांच्या जिवावर. कमिन्स कंपनीतल्या नोकरीच्या निमित्ताने पुण्याहून कोलंबसला आलेल्या तीन कुटुंबांनी पहिल्या वर्षीचं भाडं न मागता भरलं. पीएचडी करणाऱ्या आपल्या मुलींनी दर शनिवारी मुलांची ने-आण केली, पेट्रोलचेही पैसे घेतले नाहीत. फराळाची सगळी कमाई देणाऱ्या काकूंना नाव छापलेलं आवडत नाही, पण त्यांचं ऋण मंडळावर आहे.

मनातलं बोलते. संक्रांतीच्या नाटकाची तिकिटं दोन दिवसांत संपली. त्याच निरोपात वर्गाचंही लिहिलं होतं, त्याला उत्तर आलं सात घरांतून. दीडशे घरांचं आपलं मंडळ. वाईट वाटलं.

यंदा १९ मुलं, ६ मोठी माणसं. भाडं, दोन प्रशिक्षकांचं मानधन मिळून २,४०० डॉलर हवेत, जमलेत ९१०. ३० एप्रिलपर्यंत पैसे भरले नाहीत तर तलावाची वेळ जाईल. वर्ग जूनचे चार शनिवार, सकाळी ९ ते १०.३०, मोठ्यांना पुढे अर्धा तास. चेक मंडळाच्या नावाने, कोषाध्यक्षांकडे, त्यावर 'पोहणे' लिहा. पाडव्याच्या कार्यक्रमात रोखही चालेल, पावती मिळेल. घरात पडून असलेले धड गॉगल, टोप्याही आणा. मोठ्या मापाच्या टोप्या फार कमी आहेत.

आपली,
सचिव