अठरावं पान

प्रिय दिग्या,

अकरा वर्षं झाली तुला पत्र लिहून. फोनवर 'भेटू की रे' म्हणतो ते मी धरत नाही, तूही धरू नकोस. गुडघे कुरकुरतात, साखर गोळ्यांवर आहे. झालं.

परवा माळ्यावरून माझी काळी ट्रंक काढली. सुमीला तीत तांदूळ भरायचेत. बावीस वर्षांच्या फौजेची घरात एवढीच किंमत. तळाशी तुझी आंतर्देशीय पत्रं निघाली, सगळी ५६ एपीओच्या, म्हणजे फौजेच्या टपालाच्या, पत्त्यावरची. मोजली, सव्वीस. त्यांच्याखाली विज्ञानकथा लिहिणाऱ्या स्त्रुगात्स्की बंधूंचं ते जाड रशियन पुस्तक, अप्पा बळवंत चौकातून घेतलेलं, चहाच्या डागासकट. (डाग तुझाच. कोर्टातही हेच सांगेन.)

रात्रभर वाचत बसलो. पुस्तक नाही, तुझी पत्रं. आणि पहाटे थोरला स्त्रुगात्स्की, अर्कादी, डोक्यात येऊन बसला तो अजून उठत नाही.

मी भरतीचा फॉर्म आणला तेव्हा तू कॅन्टीनमध्ये म्हणालास, 'गणवेश चढला की माणूस फक्त हुकूम लिहितो.' मी अर्कादीचं नाव तुझ्या तोंडावर फेकलं. तो नाही का बारा वर्षं फौजेत होता? तू गप्प झालास, वाद मी जिंकला. पण माणूस नीट न वाचताच जिंकला रे.

१९४२चा जानेवारी. लेनिनग्राडला वेढा पडलेला, लोक भुकेनं मरतायत. बाप आणि सोळा वर्षांचा अर्कादी बाहेर पडले. आठ वर्षांचा धाकटा भाऊ बोरिस हा प्रवास सोसणार नाही म्हणून आईबरोबर मागेच राहिला. बाप वाटेत वोलोग्दाला वारला. पोरगा एकटा उरला आणि पुढच्याच वर्षी फौजेत. आधी तोफखान्याची शाळा, मग मॉस्कोतली लष्करी परभाषा संस्था, तिथे जपानी. १९४६ साली कझानला जपानी युद्धकैद्यांसमोर दुभाषा म्हणून बसला. मग सैबेरियात कान्स्कला शिकवायला. कान्स्क वाचताना मला आमची पचमढी आठवली. मी तिथे जवानांना नकाशावाचन शिकवलं. रशियन मला बावीस वर्षांत एकदाच कामाला आली, एका साहेबांना व्होडकाच्या बाटलीवरचं लेबल वाचून दाखवताना.

१९५२ला त्याला थेट रशियाच्या पूर्व टोकाला, कामचाटकाला धाडलं. त्याच नोव्हेंबरात जवळच्या बेटावरचं सेवेरो-कुरील्स्क शहर त्सुनामीनं धुऊन नेलं. असल्या मुलखातून हा गडी धाकट्या भावाला पत्रं लिहायचा. खगोलशास्त्र शिकणाऱ्या त्या पोराशी कथांवर काथ्याकूट करायचा. मधे अख्खा देश पसरलेला!

माझा घास इथे अडकतो. पठाणकोटहून पुण्याला झेलम एक्सप्रेस होती. थेट. आणि तुझ्या सव्वीस पत्रांना माझी उत्तरं चार, फार तर पाच. ड्युटी आहे, वेळ नाही, असं लिहायचो. दिग्या, ड्युटीबिटी काही नव्हती. आपल्या कादंबरीचं सतरावं पान माझ्याकडे होतं, मला पुढचं सुचत नव्हतं आणि ते तुला कळू द्यायचं नव्हतं. तू गणवेशाला दोष दिलास. मी देऊ दिला.

अर्कादी १९५५ला फौजेतून सुटला, सिनिअर लेफ्टनंट म्हणून. बारा वर्षांत एवढंच! पण पुढच्याच वर्षी बिकिनी बेटांवरच्या अणुचाचणीत सापडलेल्या जपानी मच्छीमारांवर पहिलं काही छापून आलं, तेही दुसऱ्या एका लष्करी दुभाष्याबरोबर लिहिलेलं. एकट्यानं नाहीच. भावांचं जमलं ते म्हणे अर्कादीच्या बायकोमुळे. नुसते बोलता, लिहीत नाही, म्हणून तिनं नेव्स्की रस्त्यावर शॅम्पेनच्या बाटलीची पैज लावली. १९५९ला दोघांची शुक्रावरची कादंबरी आली. (सुमीनं पैज लावली तर तांदळाची लावेल.) एक मॉस्कोत, एक लेनिनग्राडात, भेटले की एक टाइपरायटरवर, दुसरा शेजारी, दोघांना पटल्याशिवाय वाक्य कागदावर उतरायचं नाही. त्यांच्या एका कादंबरीत सेन्सॉरनं ८९६ बदल करायला लावले, तरी जोडी टिकली. आपण नायकाचं नाव सदाशिव की निखिल यावर आठ दिवस अबोला धरला. सदाशिवच बरोबर होतं.

१९९१ला अर्कादी गेला. बोरिसनं नंतर दोन कादंबऱ्या लिहिल्या, पण दुसऱ्याच नावानं. हे मला पूर्वी नाटकी वाटायचं. परवा मी अठरावं पान लिहायला बसलो. दोन ओळी झाल्या आणि तिसरीला तू नाक मुरडलेलं दिसलं. पेन ठेवून दिलं.

तुझं काय? लेक बाळंतपणाला आली का? सुमी डिंकाचे लाडू पाठवतेय, वहिनींना सांग. बँकेतलं ते चौकशीचं झेंगट एव्हाना मिटलं असेलच.

पानं एक ते सतरा झेरॉक्स करून सोबत जोडलीयत. नववं तुझं, त्यात मी लाल शाईनं ढवळाढवळ केली होती, ती काढून टाक, भिकार आहे. अठराव्याच्या माझ्या दोन ओळीही बघ. मग दिवाळीनंतर वाईला ये, चार दिवस काढून. टाइपरायटर नाही, पण नातवाचा लॅपटॉप आहे. तू टाइप कर, मी शेजारी बसतो.

पुस्तक माझ्याकडेच राहील. तुझे पाच रुपये घाल, माझे तीन, पण ते रद्दीतून शोधलं मी.

तुझा,
बंड्या