'माहीत नाही' हे नीट सांगायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

तुम्ही व्हॉट्सॲपवर नाही, म्हणून हे पत्र उघड्यावरच लिहितेय. मिरजेच्या आपल्या इंग्रजीच्या क्लासमधली कुणीतरी सिस्टर तुम्हाला ते वाचून दाखवेलच.

इंग्लंडमध्ये पेशंटची तब्येत बिघडली की डॉक्टरला फोनवर काय आणि कोणत्या क्रमाने सांगायचं, ते ठरलेलं असतं. एसबार म्हणतात त्याला: सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट, रेकमेंडेशन. पद्धत मूळची अमेरिकन नौदलाची, तिथून हॉस्पिटलांत आली. त्यात असेसमेंटखाली नमुना म्हणून एक वाक्य दिलेलं असतं: 'आय ॲम नॉट शुअर व्हॉट द प्रॉब्लेम इज, बट द पेशंट इज डिटिरिओरेटिंग.' नेमकं काय झालंय ते कळत नाही, पण पेशंट खालावतोय, एवढं सांगितलं तरी डॉक्टरने यायचं. ते वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुमचं डस्टर आठवलं.

फळ्यावर वाक्य लिहून तुम्ही त्याच्या अर्ध्या भागावर डस्टर धरायचात. "सिस्टर, या जागी नुसतं 'इट' टाकलं तर चालतंय का? चालतंय ना? मग आतलं सगळं मिळून एक नाम." शाळेत पाठ केलेलं नामवाक्य तिथे पहिल्यांदा उपयोगाची वस्तू वाटलं. आणि त्या नामाच्या आत प्रश्न असला तरी तो प्रश्नासारखा मांडायचा नाही. 'व्हेअर इज ही' हा प्रश्न, पण 'आय डोंट नो'च्या मागे लागला की 'व्हेअर ही इज'. आपल्याकडे 'तो कुठे आहे?' आणि 'तो कुठे आहे माहीत नाही' यांत शब्द जागचे हलत नाहीत, म्हणून मराठी माणूस इथे हमखास घसरतो, हेही तुम्हीच दाखवलंत.

'इफ'चं कोडंही डस्टरनेच सुटलं. 'इफ द डॉक्टर कम्स' ही अट, तिथे 'विल' नको. पण 'आय डोंट नो इफ द डॉक्टर विल कम' यात अट नाहीच, तिथे 'विल' बिनधास्त. आणि 'डिपेंड्स ऑन'च्या पुढे 'इफ' नाही, 'वेदर'च. "हवामानाचा नव्हे हो," हे प्रत्येक बॅचला सांगायचात आणि स्वतःच हसायचात.

पण सगळ्यात मोठे आभार 'डाउट'साठी. आपल्या वॉर्डात सर्रास म्हणतात, "मला डाउट आहे, टायफॉइड आहे." म्हणजे टायफॉइड असावा असा संशय. तेच सरळ इंग्रजीत नेलं, 'आय डाउट ही हॅज टायफॉइड', तर ऐकणारा समजतो की टायफॉइड नसावा. पार उलटं! तिथे 'आय सस्पेक्ट' हवं. बाकीच्या चुकांनी फार तर मार्क जातात, या चुकीने तपासणी राहून जाईल. मराठीत आपण अनिश्चितता क्रियापदातच मुरवतो: ताप असावा, गोळी घेतली असेल. इंग्रजीत अनेकदा ती आधी, वेगळ्या वाक्यात ठेवतात, तेव्हा त्या पहिल्या क्रियापदावर सगळा भार येतो.

नुसतं 'आय डोंट नो' म्हणून गप्प बसू द्यायचा नाहीत तुम्ही. "काय माहीत नाही, ते तरी सांगा." हँडओव्हरला, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या नर्सला देताना, त्याचा उपयोग रोज होतो. 'आय डोंट नो वेदर ही हॅज हॅड हिज मॉर्निंग डोस' एवढं म्हटलं की पुढची नर्स आधी चार्ट उघडते. ओईटी या नर्स-डॉक्टरांच्या इंग्रजीच्या परीक्षेतल्या रोल प्लेमध्येही तेच कामी आलं. घाबरलेल्या नातेवाइकाला 'वुई डोंट नो येट व्हॉट इज कॉझिंग द पेन' असं शांतपणे सांगता आलं. यात 'व्हॉट' हाच कर्ता, म्हणून काहीच उलटवायचं नसतं, हे मात्र तुम्ही शेवटच्या आठवड्यापर्यंत राखून ठेवलं होतंत!

नाइट करून आलेल्या मुलींसाठी दुपारचा वेगळा तास घेत होतात, डुलक्या लागल्या तरी रागावला नाहीत, तेही विसरलेले नाही.

आता एक शंका. माझ्याबरोबरची एक आयरिश नर्स खुशाल म्हणते, 'आय आस्क्ड हर हॅड शी टेकन हर टॅबलेट्स.' प्रश्न जसाच्या तसा आत! तिच्याकडे म्हणे सगळे असंच बोलतात. तिला तुमच्या क्लासला पाठवू का?

आपली विद्यार्थिनी