पहिलीच्या वर्गात पॅनल नको

कोरेगाव, जि. सातारा
रविवार

प्रिय शालन,

दिवाळीपासून तुला पत्र नाही, तुझे फोनही घेतले नाहीत. रागावली असशील तर खुशाल रागाव, पण आधी हे वाच. आईचे गुडघे तसेच आहेत, माझं बीपी ठीक.

काल शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर नाही म्हणाले. तेव्हापासून तुझ्याशी भांडावंसं वाटतंय, कारण या विषयावर नीट भांडेल असं इथं कुणी नाही.

गावच्या मुंबईकर मंडळानं शाळेला मोठं इंटरॅक्टिव्ह पॅनल दिलंय, टीव्हीसारखा पण बोटानं चालवायचा डिजिटल फळा. यात्रेला आलेली माणसं वर्ग बघून गेली आणि तिकडं वर्गणी काढली. मनाची मोठी माणसं, त्यांच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण ते पॅनल पहिलीच्या वर्गात लावायचं चाललंय. का, तर जूनमध्ये पालक आधी पहिलीचा वर्ग बघतात. इंग्लिश मीडियमची पिवळी गाडी रोज सकाळी गावात येते. आमचा पट घसरला की एक शिक्षक अतिरिक्त. अध्यक्ष म्हणाले, "बाई, बोर्ड बघून चार पोरं जास्त आली तर तुमचंच पद वाचतंय." त्यात खोटं काही नाही, आणि म्हणूनच रात्रभर झोप नाही. पट टिकवायला आणलेल्या वस्तूनं पोरं वाचायला शिकतील का, हे त्या बैठकीत कुणी विचारलंच नाही.

मध्यंतरी ते स्टँडवर माझ्याच वर्गात होतं. काचेवर उजेड येतो म्हणून खिडक्यांना पडदे. पोरं पॅनलकडे बघणार आणि मी अंधारात पोरांच्या पाठी बघणार. अगं, पहिली शिकवायची म्हणजे तोंडं बघावी लागतात! कुणाचे ओठ हलतायत, कोण शेजारच्याचं ऐकून म्हणतंय, कुणाला अक्षर दिसलं की डोळे खाली जातात. एका पोरीनं बोटानं 'ग' गिरवला. आधी उभी रेघ खालून वर, मग वरची आडवी, आणि गाठ सगळ्यात शेवटी. आकार जुळला, टाळ्या वाजल्या, "शाब्बास!" पाटी दिली तर पेन्सिल मुठीत धरलेली. मी तिचा हात धरून गिरवून घेतला तेव्हा कळलं की वळणाला तिचं मनगट फिरतच नाही. पॅनलला फक्त शेवटी उरलेलं चित्र कळतं. आणि ते चार चित्रांतून 'कमळ' निवडायचे प्रश्न! हिरवं होईपर्यंत पोरं दाबत राहतात.

तू म्हणशील, जतला येऊन दोनशिक्षकी शाळा चालवून दाखव. फलटणला डी.एड.ला भाषा शिकवायच्या साहित्याच्या पेटीवरून तू अशीच तावातावानं बोलली होतीस, आणि बोलता बोलता माझ्या वाटणीची भेळ संपवलीस, ती अजून येणं आहे. तुझी अडचण मला कळते. चौथीला भागाकार समजावताना पहिली-दुसरीला टीव्हीवरच्या गाण्यांपुढं बसवावंच लागतं. पण तेवढा वेळ ती नुसती गप्प बसतात, हे तुलाही दिसतं. तिथं तुला टीव्ही नको, तिसरा शिक्षक मिळाला पाहिजे.

मी यंत्राच्या विरोधात नाही गं. डिसले गुरुजींना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा वर्गात पेढे मीच वाटले होते. पाचवीला चंद्राच्या कला मी पॅनलवरच दाखवीन, फळ्यावर कितीही गोल काढले तरी तसं समजत नाही. म्हणून म्हटलं, पाचवीच्या वर्गात लावा. पहिली-दुसरीला पाटी, मणी, गोष्टींची पुस्तकं आणि शिकवणारं माणूस पुरे.

बैठकीत मी स्वीडनचं सांगितलं. बालवाडीत डिजिटल साधनं सक्तीची करायचं त्यांचं धोरण होतं, २०२३ मध्ये तिथल्या सरकारनं ते मागं घ्यायचं ठरवलं आणि छापील पुस्तकांसाठी पैसे दिले. "स्वीडन कुठं, आपण कुठं," मागून कुणीतरी बोललं. मग मी तुमच्या सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचं वडगाव काढलं. २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा होतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. तेव्हा मात्र आया एकमेकींकडे बघायला लागल्या. घरी मोबाईल काढून घेताना काय होतं, ते त्यांना रोज भोगावं लागतं.

मुख्याध्यापकांनी माझं म्हणणं लेखी मागितलंय. नॉर्वेतलं २०२४ चं संशोधन घालू का? हातानं लिहिताना मेंदूचे भाग टायपिंगपेक्षा जास्त एकमेकांशी जोडलेले दिसले. पण ती कॉलेजची पोरं होती, पहिलीची नव्हेत. कुणी तेवढंच धरून बसलं तर?

डाळिंबाला यंदा भाव मिळाला का? भाऊजींच्या बदलीचं काय झालं? लेकीचा नवोदयचा निकाल लागला की लगेच कळव.

आणि माझं एक काम कर. तुझ्या दुसरीत टीव्हीपुढं जास्त बसलेली पोरं आहेत आणि तू स्वतः पाटीवर घेतलेलीही आहेत. सगळ्यांना एकच श्रुतलेखन दे. घर, गवत, जमीन, पाऊस, असे साधेच शब्द. वह्यांचे फोटो पाठव, कोण कुठल्या गटातलं ते लिहून. माझ्या म्हणण्याच्या उलट निघालं तरी पाठव. गुरुवारी कागद द्यायचाय, म्हणजे बुधवारपर्यंत.

तुझी,
मंदा