पीस आधी उलटा कर

प्रिय सोनू,

काल फोनवर तू म्हणालीस की पप्पा प्लाझ्मा कटिंगच्या मशीनवर भोकं गोल येतच नाहीत, एका बाजूने तिरकी होतात आणि खालचा बर (कडेला चिकटून गोठलेलं लोखंड) काढून काढून हात दुखायला लागले, पण तुझ्या मागे तो कंप्रेसर एवढा बोंबलत होता की मला काही धड सांगता आलं नाही. म्हणून लिहितोय, जेवणाच्या सुट्टीत वाच.

पहिलं म्हणजे मशीनला शिव्या घालू नकोस, मशीन लावून देणाऱ्या सेटरला पण नको, निदान तोंडावर तरी नको. पीस निघाला की उलटा कर आणि खालची कड बघ, स्क्रीन नंतर. मी जन्मभर गॅस कटिंग केलं, माझ्याकडे स्क्रीन नव्हतीच, कडेवरूनच काय चुकलं ते कळायचं, आणि प्लाझ्माला पण तेच लागू आहे. बर जाड, फुगलेला आणि चिपिंग हॅमरचा एक टोला दिला की सुटणारा असेल तर स्पीड कमी पडतोय. दोऱ्यासारखा बारीक आणि ग्राइंडरशिवाय न हलणारा असेल तर स्पीड जास्त आहे, नाहीतर टॉर्च, म्हणजे मशीनचं कापणारं तोंड, प्लेटपासून जास्त वर राहतेय. तुझे हात दुखतात म्हणजे तुझा हा दुसरा प्रकार दिसतोय.

पण लगेच स्पीडला हात लावू नकोस गं, आधी टॉर्च खोलून नोझल, म्हणजे पुढची भोकाची टोपी, बघ (पॉवर बंद करून, हे सांगायला नको). नोझलचं भोक गोल पाहिजे, जरा जरी लांबट झालं असेल तर कड तिरकी येणारच, मग तू प्रोग्राममध्ये काही पण कर. आत आर्क (विजेचा झोत) जिथून निघतो त्या इलेक्ट्रोडच्या टोकाला हाफनियम धातूचा ठिपका असतो, तिथे साधारण 1 एमएम खड्डा पडला की तो बदलायचा, आणि शक्यतो दोन्ही एकदम बदल. इलेक्ट्रोड झिजला की आर्कचं व्होल्टेज वाढतं, टॉर्चची उंची आपोआप सांभाळणाऱ्या हाइट कंट्रोलला वाटतं टॉर्च वर गेली, म्हणून तो तिला खाली दाबतो आणि ती प्लेटला घासायला लागते. मग सगळे म्हणतात सेन्सर गेला.

हवेत पाणी असेल तर नवीन नोझल पण बघता बघता जातं. पावसाळ्यात कंप्रेसरचा ड्रेन रोज सकाळी सोडायचा, हेल्पर सोडेल म्हणून बसू नकोस. पियर्सिंग, म्हणजे सुरुवातीला प्लेट आरपार फोडणं, पण वरूनच होऊ दे, कटिंग हाइट 1.5 एमएम असेल तर पियर्सिंगला 3 ते 4 एमएम ठेव, नाहीतर वितळलेलं लोखंड उडून सरळ नोझलमध्ये बसतं.

आता भोकांचं. टॉर्चमध्ये हवा फिरत येते त्यामुळे टॉर्च जिकडे चाललीय तिच्या उजव्या हाताची कड सरळ येते आणि डावी तिरकी, म्हणून स्क्रॅप डावीकडे पडला पाहिजे. म्हणजे बाहेरचा आकार घड्याळाच्या दिशेने आणि भोक उलट्या दिशेने, लीड-इन, म्हणजे कट सुरू होतो तो तुकडा, भोकाच्या आतून. बहुतेक कोणीतरी नेस्टिंग करताना (प्लेटवर पीस मांडताना) दिशा तशीच सोडलीय, एकदा ड्राय रन मारून, म्हणजे आर्क न पेटवता टॉर्च फिरवून, नुसती बघ. भोकाला स्पीड नेहमीच्या साठ टक्क्यांवर आण आणि तेवढ्यापुरता हाइट कंट्रोल बंद ठेव. आणि 6 एमएमच्या प्लेटला 6 पेक्षा लहान भोक प्लाझ्माने मागायचंच नाही, सेंटर मार्क करून घे आणि ड्रिल मार, त्यात कमीपणा काही नाही.

अर्थिंगच्या वायरचा क्लॅम्प प्लेटलाच लाव, गंज घासून, टेबलाच्या पायाला नको. काळा चष्मा बाकीची पोरं लावत नसली तरी तू लाव. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं) शीट आलं तर धुराचा पंखा चालू असल्याशिवाय टॉर्च पेटवू नकोस, जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो, आमच्या शिरोलीत कितीतरी जणांना असं झालेलं बघितलंय. आणि तुमचं टेबल पाण्याचं आहे, त्यावर ॲल्युमिनियम कोणी टाकायला सांगितलं तर सरळ नाही म्हण, ओरडला तर ओरडू दे. खाली पाण्यात हायड्रोजन साठतो आणि भडका उडतो.

बदललेलं नोझल फेकू नकोस, त्याचा आणि बर आलेल्या कडेचा फोटो पाठव, आणि किती अँपिअरला चालवतेस ते पण. आई विचारतेय मेसचं जेवण बदललं का. कांदा-लसूण चटणी केलीय तिने, शेजारचा पोरगा रविवारी भोसरीला येतोय त्याच्याकडे देतो.

पप्पा