माळालगतच्या जमिनीसाठी तातडीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

मंडळाने राखलेल्या माळाला लागून असलेली ओढ्याकाठची जमीन मालकांनी विकायला काढली असून, इतर गिऱ्हाइके दारात उभी असतानाही त्यांनी पहिल्यांदा आपल्याला विचारले, याबद्दल मंडळ त्यांचे ऋणी आहे.

आजचा माळ उभा आहे तो पूर्वीच्या देणगीदारांच्या पुण्याईवर. निवृत्तीच्या रकमेतला वाटा न मागता आणून देणाऱ्या बाई, वडिलांच्या स्मरणार्थ कुंपणाचा सगळा खर्च उचलणारे कुटुंब आणि भर उन्हात वणवा अडवणारी जाळरेषा काढणारी तरुण मंडळी यांची नावे सभासदांना वेगळी सांगायला नकोत. शेजारच्या उघड्या उतारावरून गढूळ लोंढा सुटतो, तेव्हा आपल्या गवतातून पाणी उशिरा आणि निवळ उतरते, ही त्यांचीच कमाई आहे.

‘पडीक जमिनीत पैसे कशाला घालता?’ असे अजूनही विचारले जाते. न्यूयॉर्क शहराने १९९७ च्या करारानंतर जिथून शहराचे पिण्याचे पाणी येते त्या कॅट्स्किल डोंगरातील पाणलोटाच्या जमिनी विकत घेण्यावर आणि तेथील शेतकऱ्यांना साहाय्य देण्यावर पैसा घातला, कारण गाळण प्रकल्पाला त्याच्या कित्येक पट, अब्जावधी डॉलर लागले असते. कोस्टा रिकातील एका कॉफीच्या मळ्यात जंगलापासून एक किलोमीटरच्या आतील झाडांचे उत्पादन रानमधमाश्यांमुळे सुमारे २० टक्के अधिक भरले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एवढ्या एका मळ्याचा फायदा वर्षाला सुमारे ६०,००० डॉलर धरला आहे. रान फुकट राबते म्हणून ते जमाखर्चात दिसत नाही. ते तुटले की तेच काम पैसे मोजून करून घ्यावे लागते, आणि तो खर्च जमीन विकणारा वा घेणारा देत नाही, खालच्या अंगाला राहणारे देतात.

मागच्या आवाहनाला कौतुकाची पत्रे पुष्कळ आली, देणग्या मोजक्याच आल्या. माळावर पक्षी पाहायला नियमित येणाऱ्या काहींनी तर साधी पोचही दिली नाही, हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिणे भाग आहे.

इसार महिनाअखेरीपूर्वी द्यायचा आहे. धनादेश मंडळाच्या नावे काढावा किंवा रक्कम खात्यात भरावी (खाते क्रमांक सभासद-पत्रकाच्या शेवटच्या पानावर आहे), भरल्यावर नाव-पत्ता अवश्य कळवावा. हप्त्याने देऊ इच्छिणाऱ्यांनी खजिनदारांशी बोलावे. खरेदी फिसकटल्यास देणगी परत केली जाईल.

आपला नम्र,
चिटणीस