कणकवलीच्या मेस्त्रींना, एअरबॅगच्या दिव्याबद्दल

मेस्त्रीनू, सप्रेम नमस्कार.

तुम्ही हे वाचाल असं वाटत नाही. तुमचा फोन बटणांचा, आणि शेडमध्ये कागद असतो तो फक्त हात पुसायला. तुमच्याकडचा पोरगा वाचून दाखवेल, म्हणून लिहितोय. तुमचं नाव आणि शेडचा पत्ता मुद्दामच घालत नाही. तिथे आधीच चार गाड्या रांगेत असतात.

मी देवगडचा. जूनमध्ये २०११ ची राखाडी सेडान घेऊन आलो होतो तो. डॅशबोर्डवर लाल दिवा, पट्टा बांधलेला माणूस आणि त्याच्या समोर गोल फुगा. तो दिवा लागून तीन आठवडे झाले होते. शेजारी दुसरा पिवळा, 'पॅसेंजर एअरबॅग ऑफ', म्हणजे शेजारच्या सीटची एअरबॅग बंद. तो कधी पेटे, कधी विझे. त्याचं काही खरं नव्हतं.

ही गाडी मी सेकंड हँड घेतली ती मुळात त्या फुग्यांसाठीच. २०११ मध्ये आपल्याकडे एअरबॅगची सक्ती नव्हती. ड्रायव्हरची १ जुलै २०१९ पासून आली आणि शेजारच्या सीटची नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून. तेव्हा इतक्या जुन्या गाडीत पुढे दोन्ही एअरबॅगा आणि वर सीटवर कोण बसलंय ते ओळखणारा सेन्सर, हे मला फार मोठं वाटलं होतं. दर दोन महिन्यांनी आईला फोंडाघाट चढून कोल्हापूरला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. आई पुढे बसायची. मागे बसली की तिला गाडी लागते.

तुमच्याकडे यायच्या आधी मी दोन ठिकाणी जाऊन आलो होतो, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. आता सांगतो. पहिल्या गॅरेजवाल्याने बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला आणि 'कोडच नाही' म्हणून मोकळा झाला. तो स्कॅनर फक्त इंजिनाचा होता, एअरबॅगचा कॉम्प्युटर वाचणारा नव्हे, हे मला तुमच्याकडे कळलं. दुसऱ्याने सांगितलं, सीटचा अख्खा सेट बदलावा लागेल, २२ हजार, आणि पार्ट कधी येईल सांगता येत नाही. माझा चेहरा बघून तोच पुढे म्हणाला, नाहीतर ४०० रुपयांत दिवा गप करतो. सेन्सरच्या जागी एक रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा छोटा तुकडा टाकायचा, म्हणजे कॉम्प्युटरला वाटतं सगळं ठीक आहे. तेही जमलं नाही तर बल्बच काढायचा.

मी ४०० ला जवळजवळ हो म्हटलं होतं. आंब्याचा हंगाम संपलेला, हिशेब व्हायचे होते, आणि दिवा काही रस्त्यात आडवा येत नव्हता.

तुमच्याकडे आलो तो खरं तर तेच काम अजून स्वस्तात होतं का बघायला. तुम्ही दिव्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "बल्ब काढूक पाच मिनटा पुरे. पण ता माझ्याकडसून होवचा नाय."

मग चौकशी. सीट कधी खोलली होती का? जाड कव्हर कधी घातलं? "गाडी पुराच्या पाण्यातली नाय मां?" जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, त्यानंतर पाण्यात बसलेल्या गाड्या धुऊनपुसून कुठे कुठे विकल्या जातात, ते तुम्ही सांगितलंत. अशी गाडी ओळखायची तर सीटखालचे कनेक्टर आणि सीटच्या रुळांचे बोल्ट बघायचे, म्हणालात. वरून शॅम्पू मारता येतो, तिथे कोणी हात घालत नाही.

मी म्हटलं, नाही, पुरातली नाही. पाणी सीटवर कधी पडलेलंच नाही.

इथे मी खोटं बोललो, मेस्त्री.

तुम्ही बॅटरीची निगेटिव्ह काढलीत आणि "आधी चाय घेवया" म्हणालात. मला वाटलं आळस. तर नाही. अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून तिच्या कॉम्प्युटरमध्ये थोडी वीज साठवून ठेवलेली असते, ती उतरेपर्यंत एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना हात लावायचा नाही. किती थांबायचं ते गाडीगणिक वेगळं. तुम्ही घड्याळ लावून दहा मिनिटं थांबलात. पोराने वीज मोजायचा मीटर उचलला तेव्हा त्याच्यावर ओरडलातही. मीटरची बारीकशी वीजसुद्धा एअरबॅगला पेटवायला पुरू शकते, तिथे मीटर लावायचाच नाही. मी चहाचा ग्लास घेऊन जरा मागे सरकलो.

सीट निघाली. खाली पिवळा कनेक्टर, आणि त्याच्या पिना कळंकलेल्या. आजीच्या पितळी तांब्यावर यायचा तस्सा हिरवा थर. तुम्ही बोट लावलंत, वास घेतलात आणि माझ्याकडे बघितलंत. मग सीटच्या रुळातून चिमटीने एक खवलं उचलून माझ्या तळहातावर ठेवलंत. तांबोशीचं. नखाएवढं.

"सीटीर पाणी खयसून इला?" एवढंच विचारलंत.

तर झालं असं की देवगडच्या लिलावातून घेतलेली मासळी मी बर्फाच्या बॉक्समधून आणतो, आणि तो बॉक्स शेजारच्या सीटवर ठेवायचो. डिकीत ठेवला तर वास राहतो म्हणून! बॉक्स गळतो. बर्फाचं खारट पाणी गादीतून झिरपत खाली जायचं. तीन पावसाळे हे चाललं होतं. एप्रिल-मेमध्ये त्याच सीटवर आंब्याच्या पेट्या असायच्या, आणि पट्टा बांधा म्हणून गाडी टिंगटिंग करत राहायची. सेन्सरला पेटी काय आणि माणूस काय, वजन ते वजन. त्या आवाजाला कंटाळून मी रिकामाच पट्टा खोचून ठेवायचो.

तुम्ही हसला नाहीत. एरवी मेस्त्री लोक अशा वेळी आख्ख्या शेडला ऐकवतात.

कनेक्टर स्प्रे मारून, ब्रशने घासून साफ झाला. सीटचा फोम उन्हात, नंतर पंख्याखाली. दुसऱ्या दिवशी सीट बसवून, सपाट जागेवर गाडी उभी करून, जाड कव्हर काढून, एअरबॅग वाचणाऱ्या स्कॅनरने रिकाम्या सीटचं वजन शून्य करून घेतलंत. कोड पुसला. लाल दिवा गेला. पोराला सीटवर बसवलं, पिवळा 'ऑफ' विझला. पोरगा उठला, पेटला. मला वाटलं झालं.

मग आई बसली. पिवळा दिवा पेटलेलाच.

मी वैतागलो. म्हटलं, सेन्सर गेलेलाच आहे, दोन दिवस फुकट. तुम्ही स्कॅनरवरचा आकडा दोनदा बघितलात आणि म्हणालात, "सेन्सर खोटा बोलणा नाय. तुमची आवस हलकी आसा."

आई ३६ किलोंची आहे. त्यात ती सीटवर मांडी घालून बसते, पाठीला उशी घेऊन, पुढे सरकून. अशा गाडीतला सेन्सर लहान चणीच्या मोठ्या माणसाचं वजन धरून बसवलेला असतो. त्याच्या खाली गेलं की तो समजतो, मूल बसलंय, फुगा बंद. आणि तसं समजणंच बरोबर. फुगा पापणी लवायच्या आत फुगतो, तो पुढे सरकून मांडी घालून बसलेल्या माणसावर किंवा मुलावर आदळला तर वाचवायच्या ऐवजी इजा करील. मागे तोंड करून बसवायची तान्ह्या बाळाची सीट तर चालू एअरबॅगसमोर कधीच लावायची नाही, हेही तुम्ही त्याच ओघात सांगितलंत. त्या रेझिस्टरने नेमकी हीच गंमत केली असती. सीटवर कोण आहे हे गाडीला कळलंच नसतं, आणि घाटात कुठे ठोकली असती तर तो फुगा सरळ आईच्या अंगावर.

त्या ४०० रुपयांचा विचार मी अजूनही रात्री करतो.

"आवशीक मागे बसवा," तुम्ही म्हणालात, "पट्टो बांधून." एअरबॅग ही पुरवणी, मूळ काम पट्ट्याचं, हे तुम्ही आईला समजावलंत. मला नाही, आईला. तिने तुमचं ऐकलं. मी गेली चार वर्षं सांगतोय, पाय खाली सोडून बस.

आता ती मागे बसते. पहिल्या खेपेला राधानगरीपर्यंत एक शब्द बोलली नाही. नंतर आल्याची वडी चघळत चघळत कोल्हापूर गाठलं. पुढच्या खेपेला म्हणाली, मागून झाडं बरी दिसतात.

गणपतीत मुंबईहून भाऊ आला. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "दिव्याचा बल्ब काढून टाकलास ना?" मी त्याला शेजारी बसवून चावी फिरवली. लाल दिवा काही सेकंद पेटला आणि आपोआप विझला. तुम्हीच शिकवलेलं: चावी फिरवल्यावर तो दिवा पेटलाच नाही, तर गाडीत कोणीतरी हात मारलाय असं समजायचं. भाऊ पनवेलला एक जुनी गाडी बघत होता. त्याने फोन करून त्या माणसाला चावी फिरवून व्हिडिओ पाठवायला सांगितलं. त्या गाडीचा दिवा पेटला नाही. सौदा तिथेच मोडला. भाऊ तुमचं नाव विचारत होता, मी सांगितलं नाही. रांग वाढेल.

मासळीचा बॉक्स आता डिकीत असतो. खाली ताडपत्री घातली आहे. वास राहतो, पण राहू दे.

तुम्ही बिल १,२५० रुपये केलंत. माझ्याकडे सुटे नव्हते म्हणून ५० राहिले आणि तुम्ही हात झटकून 'जाऊ दे' म्हणालात. ते मी ठेवलेत, गाडीच्या खणात, त्या खवल्याबरोबर. दिवाळीआधी सर्व्हिसिंगला येईन तेव्हा देतो. आणि सीटच्या मागे एक बारीक खडखड येते, ती तेवढी बघा.

आपला,
देवगडचा तांबोशीवाला