ड्रोन घेण्याआधी एवढं वाच

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. हरवलेली माणसं आणि पाळीव जनावरं शोधायला थर्मल कॅमेऱ्याचा ड्रोन घ्यायचा तुझा विचार वाचून फार बरं वाटलं. घे, जरूर घे. पण तू लिहिलंस ना, की वरून एक चक्कर मारली की माणूस तिथे आहे की नाही ते कळेल, त्या वाक्याशी मी अडलो. माणूस आहे, हे कळू शकतं. नाही, हे कळत नाही. या कामात बाकी काही विसरलं तरी चालेल, एवढं विसरू नये, म्हणून सविस्तर लिहितोय.

थर्मल कॅमेरा बघतो तो उष्णतेतला फरक. आपल्या अंगातून निघणारे अवरक्त किरण ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत तीव्र असतात आणि हे कॅमेरे साधारण ८ ते १४ मायक्रोमीटरचा पट्टा टिपतात. अंग आणि जमीन यांच्या तापमानात अंतर असेल तरच पडद्यावर ठिपका उठून दिसणार. पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, हे अंतर छान मिळतं, कारण जमीन रात्रभर निवलेली असते. भर दुपारी खडक, पत्रे, डांबर इतके तापतात की पडदा नुसता ठिपक्यांनी भरतो. आणि जमीनच अंगाइतकी गरम झाली की माणूस तिच्यात विरून जातो. काचेपलीकडचं दिसत नाही, पाण्याखालचं नाही, दाट पानांखालचंही नाही.

पानं सगळ्यात जास्त नडतात. ऑस्ट्रियात लिंझच्या योहानेस केप्लर विद्यापीठात ऑलिव्हर बिंबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर फार सुंदर काम केलंय. उडताना वेगवेगळ्या जागांवरून घेतलेली अनेक थर्मल चित्रं जमिनीच्या पातळीशी जुळवून एकात एक मिसळायची. फांद्या पुसट होतात आणि खालचं ऊबदार शरीर ठळक होतं. पण फटीच नसतील इतकं दाट रान असेल तर तीही युक्ती हरते. त्याउलट २०१८ च्या जुलैमध्ये काराकोरममधल्या ब्रॉड पीकवर रिक ॲलन हा गिर्यारोहक गेला असंच सगळ्यांनी धरलं होतं, आणि बार्टेक बारगिएल याच्या साध्या कॅमेऱ्याच्या ड्रोनने त्याला जिवंत दाखवलं. तिथे बर्फाचा उघडा उतार होता, आडोसा नव्हता.

उंचीचाही हिशेब कर. सध्याच्या बऱ्याच ड्रोनवर ६४० × ५१२ पिक्सेलचा थर्मल कॅमेरा असतो. साधारण लेन्स धरली तर ६० मीटरवरून एका पिक्सेलमध्ये जमिनीचे ८ सेंटीमीटर येतात, १२० मीटरवरून १६. आडवा पडलेला मोठा माणूस ६० मीटरवरून वीसेक पिक्सेल लांब दिसेल. अंगाचं मुटकुळं करून झोपलेलं मूल १२० मीटरवरून चारच पिक्सेलचं. मांजर तर जेमतेम दोन. पडद्याकडे अर्धा तास डोळे लावून बसलेल्या माणसाच्या नजरेतून दोन पिक्सेल सहज निसटतात. म्हणून उडवणारा एक आणि पडदा बघणारा दुसरा हवाच. चित्रण नंतर शांतपणे पुन्हा बघायला तिसरा असेल तर उत्तम.

पण उडवण्याआधीचं काम मला त्याहून मोठं वाटतं. मे २०१३ मध्ये कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात अपघातानंतर एक जखमी चालक कडाक्याच्या थंडीत भरकटला होता. हेलिकॉप्टरला तो सापडला नाही. पोलिसांच्या ड्रोनला सापडला, पण त्याच्या मोबाईलवरून ठावठिकाणा कळल्यावर. आधी जागा आवळली गेली, मग थर्मल कॅमेरा कामाला आला. एका बॅटरीवर वीस ते चाळीस मिनिटं मिळतात. ती कुठे खर्चायची, हे घरच्यांशी बोलूनच ठरतं. लहान मुलं बरेचदा कुठेतरी शिरून झोपून जातात आणि हाकेला ओ देत नाहीत. स्मृतिभ्रंश झालेली माणसं पुष्कळदा झुडपात, चरात, कुंपणाशी अडकेपर्यंत चालत राहतात. ज्या आईचं मूल हरवलंय तिच्याशी बोलताना घाई करू नकोस.

मग शेतात तास धरून नांगरावं तसे एकमेकांना थोडे चढवून पट्टे घ्यायचे. आणि नोंद! कुठल्या वेळी, किती उंचीवरून, किती झाडीवरून पाहिलं, ते नकाशावर लिही. ‘इथे शोधून झालं’ असं कधीच लिहू नकोस. तुझ्या एका खुणेवरून पायी शोधणारे आणि वास घेणारी कुत्री दुसरीकडे वळवली जातात, आणि ज्याला आपण शोधतोय तो तिथेच पानांखाली असू शकतो. या विचाराने मला खरोखर धास्ती वाटते. पथकप्रमुखाला विचारल्याशिवाय उडवू नकोस, आणि हेलिकॉप्टर येतंय असं कळलं की लगेच ड्रोन उतरव.

जनावरांची तऱ्हा निराळी. हरवलेलं मांजर बहुतेकदा जवळच, कशाखाली तरी दडून बसलेलं असतं. तिथे ड्रोनपेक्षा विजेरी घेऊन वाकून बघणं कामाचं. घाबरलेला कुत्रा मात्र लांब पळतो, कधी धन्यालाही ओळखत नाही, आणि डोक्यावर घोंघावणारं यंत्र आलं की आणखी पळतो. उंच राहा, पाठलाग करू नकोस, जागा कळली की मागे हो आणि खाणं ठेवून त्याला येऊ दे. जानेवारी २०२२ मध्ये इंग्लंडच्या हॅम्पशायरमध्ये मिली नावाची कुत्री भरतीच्या धोक्यातल्या चिखलपट्टीत अडकली होती. स्वयंसेवकांनी ड्रोनला सॉसेज लटकवून तिला हळूहळू सुरक्षित जागी आणलं. किती समजूतदारपणा आहे यात!

ड्रोन हातात आला की शोधाला जाण्याआधी सराव करू. मी झुडपात, चरात, झाडाखाली जाऊन पडतो, तू पहाटे, दुपारी, रात्री उडवून बघ, आणि मी कुठे कुठे दिसलो नाही ते सगळं लिहून काढू. तारीख कळव.

तुझाच